पहाडी ज्वारीच्या मुळांशी

माझ्या धाकट्या नणंदेने एकदा तिच्या सोसायटीतल्या बायकांना माझी ओळख करून दिली, "ही आमची वहिनी. शहाद्याला असते, जंतू तयार करते." बायकांनी आपापले चहाचे कप हळूच जवळ ओढून घेतले. मी खुलासा केला नाही. नोकरीची सगळी वर्षं खुलासे करण्यातच गेली होती, तेव्हा एका चहापुरती सुट्टी घ्यायला हरकत नव्हती. शिवाय नणंद खोटं बोलत नव्हती. एका शेतकरी संस्थेच्या छोट्या प्रयोगशाळेत मी जिवाणू वाढवत होते, ते कोळशाच्या भुकटीत मिसळून पाकिटात भरत होते आणि दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, गहू, मका पेरणाऱ्यांना देत होते. शेतकरी त्याला कल्चर म्हणतात. दुकानदार जिवाणू खत म्हणतात. माझा मदतनीस भटू त्याला 'आपला जीव' म्हणायचा, आणि मला तेच नाव सगळ्यात खरं वाटत आलं आहे.

ज्यांचा शेतीशी संबंध भाजी निवडण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. पिकाला वाढायला नत्र लागतं. आपण श्वासात घेतो त्या हवेचा मोठा भाग नत्रच आहे, म्हणजे ज्वारीचं ताट रात्रंदिवस नत्रात गळ्यापर्यंत बुडून उभं असतं. पण त्याला ते खाता येत नाही. कारखान्यात हवेतल्या नत्राचं खत करायचं तर प्रचंड उष्णता आणि दाब लागतो. तेच काम मातीतला एक जिवाणू थंडपणे, अंधारात, कसलाही आवाज न करता करतो. डोळ्यांना न दिसणारा हा जीव, त्याला हात नाहीत, तोंड नाही, आणि तो हवा पकडून तिचं अन्न करतो. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. त्याचं नवल वाटायला मात्र पुढे बरीच वर्षं जावी लागली, आणि एकदा वाटायला लागलं ते अजून ओसरलेलं नाही.

हरभरा, तूर ही मंडळी श्रीमंत. त्यांनी मुळांवर गाठी बांधून जिवाणूंना राहायला खोल्या दिल्या आहेत. ज्वारी-गव्हाकडे खोल्या नाहीत, नुसती ओसरी आहे. झाड उन्हात कमावलेली साखर मुळांतून थोडी थोडी बाहेर सोडतं, तिच्या ओढीने जिवाणू मुळाला येऊन चिकटतात, खातात आणि जाता-येता थोडं नत्र ठेवून जातात. शिवाय मुळांना फुटवे फुटतील असा काही रसही सोडतात. ओसरीवरचा पाहुणा घर चालवत नाही, हातभार लावतो. म्हणून युरिया बंद करा असं मी कोणालाही कधी सांगितलं नाही. थोडा कमी करून बघा, एवढंच सांगायची. छातीठोक सांगणाऱ्या कंपन्यांची पाकिटं माझ्यापेक्षा जास्त खपायची, हेही कबूल करायला हवं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. बियाण्याला कल्चर चोळायचं तर गुळाचं पाणी उकळायचं, गार करायचं आणि मग त्यात पाकीट मिसळायचं. यातले 'गार करायचं' हे दोन शब्द कितीतरी लोकांच्या कानात शिरत नसत. उकळत्या गुळवण्यात माझे कोट्यवधी जीव टाकून, चांगलं ढवळून, वर मलाच सांगत यायचे की ताई, तुमचं कल्चर काही कामाचं नाही. एकाने पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं होतं, आणि पेरणी झाल्यावरही ते तिथेच होतं. एकाने म्हशीच्या आंबोणात मिसळलं. म्हशीला काही झालं नाही, उलट दूध वाढलं असं तो अजून सांगतो, आणि त्या बाजूच्या दोन-चार गावांत माझी कीर्ती त्या म्हशीमुळेच आहे.

आणि एक म्हसावदकडचे हिरालालभाई. तापीकाठच्या जुन्या गुजर घरातले, केळी, कापूस आणि दरसाल दादर लावणारे, आमच्या संस्थेच्या संचालक मंडळावरचे. पहिल्यांदा आले तेव्हा पाकीट नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "डोयाघाई दखसू, तवय मानसू." डोळ्यांनी बघेन तेव्हा मानेन. त्यांनी अर्ध्या वावरात कल्चर लावलेली दादर पेरली, अर्ध्यात तशीच. पीक गुडघ्याएवढं झाल्यावर मला बोलावून घेतलं आणि दोन्हीकडचं एकेक ताट माझ्यादेखत उपटलं. साध्या ताटाची मुळं झटकली तर माती गळून पडली. दुसऱ्याच्या मुळांना माती अशी लपेटून बसली होती की झटकूनही सुटेना. हिरालालभाईंनी ते ताट उलटं धरून मुळांवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "ह्या मुयासनी तं मोजा घालेल शेतस." मुळांनी मोजे घातलेत. तेव्हापासून ते आमचे झाले.

ते जे मोजे विणणारे जीव होते, ते मूळचे आमच्या सपाटीवरचे नव्हते. पहाडात, काठी गावाच्या पलीकडे एका दरीतल्या पाड्यावर मोगीबाई म्हणून आहेत, त्यांच्या ज्वारीच्या मुळांतून मी ते वेगळे काढले होते. त्यांचा मुलगा दिलवर आश्रमशाळेत शिक्षक आहे. त्याच्या ओळखीने मी एका हिवाळ्यात तिथे गेले होते. पीक निघालेलं होतं, शेतात नुसती धसकटं उभी होती. मोगीबाईंनी हवी तेवढी उपटून न्या म्हणून सांगितलं. त्यातल्या एका मुळातला जिवाणू आमच्या काळ्या जमिनीत, कमी पाण्यावर, सरकारी प्रयोगशाळांतून आणलेल्या हुशार जिवाणूंपेक्षा चिवट निघाला. त्याचा मूळ साठा फ्रीजमधल्या काचेच्या नळ्यांत असे. त्याला आम्ही आई म्हणायचो. दर हंगामाला आईतलं टोकभर घ्यायचं, विरजणासारखं मोठ्या टाकीत लावायचं, आणि ती टाकी चार दिवसांत ताकासारखी गढूळ झाली की समजायचं, लेकरं झाली.

पोळा होऊन गेल्यावरची गोष्ट. मी शहाद्याच्या एसटी स्टँडवर बसची वाट बघत होते आणि भटूचा फोन आला. "ताई, टाकी निवळी गई. आईबी गई." मी मोठ्याने विचारलं, आई गेली? माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि किती वय होतं म्हणून विचारलं. मी पाणी प्यायले. खरं सांगायचं तर दुःख त्या माउलीला वाटलं त्यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

टाकी निवळणं म्हणजे काय तेही सांगते. जिवाणूंनाही रोग होतो. त्यांच्यापेक्षा कितीतरी बारीक असे विषाणू असतात, ते जिवाणूच्या आत शिरतात, आतल्या आत वाढतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. ताकासारखी गढूळ टाकी बघता बघता पाण्यासारखी स्वच्छ होते. इतर कुठल्याही धंद्यात स्वच्छ पाणी बघून माणूस घाबरत नाही. मी टाकीच्या काचेतून आरपार पलीकडची खिडकी बघितली आणि तशीच फ्रीजकडे वळले. फ्रीजमधल्या नळ्याही तपासल्या, एकेक करून लावून बघितल्या. विषाणू तिथेही पोचला होता. बाहेरच्या एका संस्थेत एक नमुना जपायला दिला होता, तो त्यांनी लावून बघितला आणि उगवत नाही म्हणून कळवलं. म्हणजे मोगीबाईंच्या शेतातून आलेला तो जीव आता माझ्याकडे नव्हता, आणि जगात आणखी कुठे असलाच तर ज्या मुळांतून तो आला होता त्या मुळांपाशीच.

संचालक मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी सरळ मुद्दा मांडला. प्रयोगशाळेची जागा खताच्या गोदामाला हवीच होती. बाहेरून पाकिटं मागवू, त्यावर आपलं नाव छापू, शेतकऱ्याला काय कळतंय. मी उभी राहून काहीतरी बोलले, पण मुद्दे ओळीत येत नव्हते. तेव्हा कोपऱ्यातून हिरालालभाई म्हणाले, "दादर पेरालोंग थांबा. नहीच जमनं तं मंग लावा कुलूप." दादर पेरेपर्यंत थांबा. अध्यक्षांना ते मोडता आलं नाही. पाऊस सरता सरता दादरची पेरणी होते. तेवढाच अवकाश मला मिळाला. तेवढ्यात जीव परत मिळाला नाही तर दाराला कुलूप, आणि भटू गोदामात पोती उचलायला.

आम्ही सगळी प्रयोगशाळा औषधाने घासून काढली, जुनं होतं नव्हतं ते उकळून टाकून दिलं आणि दिलवरला फोन केला. जीप जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गेलो, पुढे चालत. पहाडात पावसाची झड लागली होती, ढग पायवाटेवर उतरले होते. मी हिवाळ्यात बघितलेलं ते उघडं शेत ओळखूच आलं नाही. ज्वारी छपराच्या वर गेली होती. आमच्या सपाटीवर असलं वाण कोणी ठेवत नाही, कारण वारा आला की लोळतं आणि दाणा थोडा येतो. मोगीबाई त्या ज्वारीतून बाहेर आल्या तेव्हा आधी त्यांचा आवाज आला आणि मग त्या.

आणि मग मी ते बघितलं. ताटाच्या खालच्या पेरांना, जमिनीच्या वर, बोटाएवढी जाड मुळं गोल फुटली होती. जमिनीपर्यंत न पोचलेली, हवेतच थांबलेली. त्या प्रत्येक मुळाच्या टोकाला भिजवलेल्या सब्जासारखा पारदर्शक चीक गोळा झाला होता आणि पावसाने फुगून हळूहळू खाली ओघळत होता. एका ताटावर नाही, शेतभर. मक्याच्या काही जुन्या वाणांना असा चीक येतो आणि त्यात नत्र पकडणारे जिवाणू राहतात, असं वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि समोर ओघळताना बघणं यात मोठं अंतर आहे. हे झाड साखरेचा पाक करून, त्याला हवा फार लागू नये अशा बेताने घट्ट करून, भर पावसात जिवाणूंना वाढत होतं. कोणी शिकवलं? मी हात पुढे केला, एक थेंब बोटावर घेतला, आणि तिथेच चिखलात बसले. कशासाठी आले होते तेही क्षणभर विसरले. दिलवर म्हणाला, लहानपणी आम्ही हे चोरून चाटायचो, गोड लागतं. मोगीबाई माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांना त्यात नवल काहीच नव्हतं, ज्वारीला पाऊस लागला की ती असंच करते.

सावरल्यावर मी दिलवरला म्हटलं, आईंना विचार, दोन-चार मुळं आणि थोडी माती नेऊ का. माझी भिली बेताचीच, पण मोगीबाईंनी मान हलवलेली मला कळली. दिलवर ओशाळला. "ताई, आई नाही म्हणते. नवाई व्हायची आहे." नवं पीक आलं की गाव मिळून देवाला आधी देतं, ती नवाई. ती होईपर्यंत शेतातलं काही खायचं नाही, तोडायचं नाही, शेताबाहेर न्यायचं नाही. माझ्या पहिल्या वेळी ती होऊन गेलेली होती, म्हणून मला कळलंच नव्हतं. यंदाची नवाई कधी? गाव ठरवेल तेव्हा. दिवाळीच्या आधी तर नाहीच. तोवर आमची दादर पेरून, उगवून हातभर झाली असती.

मी बाकीच्या शेतांबद्दल विचारलं. सगळ्या पाड्याचा नेम एकच. भटू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, एक मुयी ते शे. खिसामा टाकी लेस." एक मुळी खिशात टाकतो. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, बरं, राहिलं. त्याला दोष देत नाही. गोदामातली पोती त्याला दिसत होती. मलाही मोह झाला होता, बोटावरचा चीक अजून ओला होता. पण मोगीबाई तिथे उभ्या होत्या, आणि त्यांच्यासाठी ते शेत त्या घडीला त्यांचंही नव्हतं. मी पावसाच्या पाण्याने तिथेच बोट धुतलं.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. गेल्या सालच्या ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ. चूल धुमसत होती, बाहेर पाऊस होता, आणि मी भाकरीचे नुसते तुकडे करत होते. मोगीबाईंना वाटलं जेवण आवडलं नाही. मी दिलवरला म्हटलं, तसं नाही म्हणून सांग, आणि हेही विचार की पाहुण्याने खाल्लेलं चालतं ना, त्याला नेणं म्हणत नाहीत ना. त्या मोठ्याने हसल्या. त्यांचं म्हणणं दिलवरने सांगितलं ते असं, की पाहुणा येतो, घरात बसतो, घरचं खातो, त्याच्या अंगी लागतं, तो जातो. त्याच्या पोटातलं कोण काढून घेतं?

माझा हात ताटातच थांबला. मी विचारलं, मी माझी ज्वारी पाहुणी म्हणून पाठवली तर? माझ्या कुंडीत, माझ्या वाळूत उगवलेली दादर. ती इथे तुमच्या ज्वारीत बसेल, पाऊस खाईल, तुमच्या शेतात जे मिळेल ते खाईल, आणि परत जाईल. माती नेणार नाही, तुमचं मूळ नेणार नाही. माझी ज्वारीच फक्त घेऊन जाईन. दिलवरने हे सांगायला बराच वेळ घेतला, कारण त्यालाच आधी ते नीट पटवून घ्यायचं होतं. मोगीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी एकटी सांगू शकत नाही, पुजाऱ्याला विचारते. त्या पावसातच गेल्या. परत आल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. पाहुण्यांना हरकत नव्हती. फक्त पाहुण्यांनी रिकाम्या हाताने येऊ नये.

शहाद्याला येऊन आम्ही वाळू धुतली, उकडली, तिच्यात कुठलाच जीव शिल्लक नाही याची खात्री केली. कुंभाराकडून मातीच्या कुंड्या आणल्या, पाण्यासोबत जीव आत शिरावेत म्हणून बाजूंनी भोकं पाडलेल्या. दादरचं बी निर्जंतुक करून लावलं. कोवळी रोपं घेऊन पुन्हा पहाड चढलो, सोबत नारळ आणि गुळाची ढेप. मोगीबाईंनी स्वतः जागा दाखवल्या. त्या उंच ज्वारीच्या पायाशी आमच्या कुंड्या पुरल्या, आणि वरच्या मुळांचा चीक आमच्या रोपांवर ओघळायला लागला. मोठ्या बाईच्या घरी शहरातली भाची राहायला यावी तशी ती रोपं दिसत होती.

तीनेक आठवड्यांनी परत गेलो. एक कुंडी शेळीने खाऊन टाकली होती, बाकीच्या ठीक होत्या. मोगीबाई कुंड्या वर काढताना जवळ बसून राहिल्या. बाहेरून चिकटलेली माती त्यांनी आमच्याकडून शेतातच धुवून घेतली, भोकांत अडकलेली काडीने काढायला लावली. शेताची माती शेतात राहिली. आमच्या कुंड्या आल्या तशाच उकडलेल्या वाळूच्या कुंड्या होऊन परत निघाल्या. जीपमध्ये भटू कुंड्या मांडीवर घेऊन बसला होता, आणि मला एकच धास्ती होती, की पाहुणे काही न खाताच तर आले नसतील.

रोपांची मुळं धुवून, कुटून आम्ही छोट्या बाटल्यांत लावली. बाटल्यांत पातळ खिरीएवढं घट्ट, हिरवट रंगाचं माध्यम असतं, आणि त्यात नत्र अजिबात घातलेलं नसतं. म्हणजे ज्याला हवेतून नत्र कमावता येतं तोच तिथे जगणार. तो जगला की दोन गोष्टी दिसतात. हिरवट रंग निळा होतो, आणि वरच्या थराच्या किंचित खाली एक पांढरी पातळ पापुद्र्याची रेघ उमटते. साय असते तशी, पण वर तरंगणारी नाही, जरा बुडालेली. कारण या जिवाला श्वासाला हवा लागते, पण जास्त हवेत त्याचं नत्र पकडायचं यंत्र बिघडतं. म्हणून तो पोहत पोहत, ना वर ना खाली, आपल्याला सोसेल एवढ्याच खोलीवर जाऊन थांबतो. लाखो जीव एकाच पातळीवर येऊन थांबतात आणि आपल्याला रेघ दिसते.

पहिल्या दिवशी हिरवं. दुसऱ्या दिवशी हिरवं. म्हसावदकडे वावरांना वापसा आला होता, म्हणजे ओल पेरणीजोगी झाली होती, लोक पेरणीची तयारी करत होते, हिरालालभाई रोज फोन करायचे आणि विचारायचे काहीच नाही, नुसते "बोला ताई" म्हणून थांबायचे. मी बाटल्या ठेवलेलं कपाट उघडायचं टाळायला लागले. मग एका सकाळी भटूने ते उघडलं. त्याने मला हाताने खुणावलं, तशी मी उठून गेले. सगळ्या नाही, पण सात-आठ बाटल्या निळ्या झाल्या होत्या, आणि प्रत्येकीत ती रेघ होती. भटूने एक बाटली उजेडाकडे धरली आणि अगदी हळू म्हणाला, "ताई, उनात." आले. मी त्या वयात, नाकावर चष्मा, डोक्याला टोपी, तशीच भिंतीला टेकून रडले. उकडलेल्या वाळूत वाढलेल्या, कुठल्याच मातीला न शिवलेल्या दादरच्या मुळांत ते शिरून बसले होते. आम्ही आणले नव्हते. ते तिला चिकटून आले होते.

त्यातला सगळ्यात जोमदार निवडून वाढवला. हिरालालभाईंनी वापसा सरत आला तरी पेरणी थांबवून धरली आणि पहिली पाकिटं त्यांच्याच बियाण्याला लागली. अध्यक्षांनी गोदामासाठी दुसरी जागा बघितली. चौकशी करता करता एक गोष्ट लक्षात आली, ती मला आधीच दिसायला हवी होती असं वाटून चुटपुट लागते. जुनी आई विषाणू यायच्या आधीपासूनच थकत चालली होती. काचेत वर्षानुवर्षं आयतं गोडधोड खाऊन हे जीव सुस्तावतात, मूळ शोधायची सवय विसरतात. पहाडातून आलेले नवे त्यांच्यापेक्षा कितीतरी चलाख होते.

दिवाळीनंतर एक दिवस दुपारी दिलवर आईला घेऊन एसटीने शहाद्याला आला. नवाई झाली होती. मोगीबाईंच्या डोक्यावर टोपली होती, टोपलीत ज्वारीची कणसं आणि मातीसकट उपटलेली मुळं. आता न्या, त्या म्हणाल्या. मी दोन्ही हातांनी घेतली, गरज होती की नव्हती हा प्रश्नच आला नाही. मग त्यांना बाटली दाखवली. त्यांनी ती रेघ बघितली, बाटली तिरकी केली, रेघ हलली तशी पुन्हा सरळ धरली. मग त्यांनी दिलवरला काही विचारलं. दिलवर हसला आणि म्हणाला, "आई विचारते, लेकी दिल्या त्या दिल्या. माहेरपणाला कधी पाठवणार?"

त्यांनी थट्टेत म्हटलं असेल. मला मात्र तेव्हा अंगावर काटा आला, कारण सुस्तावलेल्या जिवाणूंवर उपाय तोच होता, त्यांना पुन्हा मुळांकडे नेणं. त्या सालापासून दर पावसाळ्यात दादरच्या कुंड्या पहाडात जायला लागल्या, नारळ आणि गूळ घेऊन, आणि तीन आठवडे राहून यायला लागल्या. संस्थेच्या कागदोपत्री त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे. भटू आणि मी माहेरपणच म्हणायचो.

गेल्या वर्षी मी रिटायर झाले. पेरणीच्या दिवसांत मोगीबाईंना सांगायला गेले, की आता मी येणार नाही, भटू येईल. दिलवरने वाटेत सांगितलं की घरात सगळ्यांनी संकरित मका धरला आहे. उंच ज्वारी आता कोणी लावत नाही, पोरांना ती भाकर नको असते. फक्त आई बांधालगतचा एक पट्टा सोडत नाही. मी विचारलं, एवढीशी ज्वारी घरात किती पुरते? तो म्हणाला, घरासाठी नाहीच लावत ती.

मोगीबाई शेतातच होत्या. त्यांचे गुडघे आता धरत नाहीत, वाकता येत नाही. त्या ओल्या मातीत बसून, सरकत सरकत, काडीने भोक पाडून दाणे टाकत होत्या. मी दिलवरकरवी विचारलं, आई, या वयात कशाला एवढं, कोणी मागितलंय का? त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. दाणे टाकता टाकता त्या बोलल्या ते दिलवरने सांगितलं.

"आई म्हणते, लेकी येतात तर माहेरी कोणीतरी असायला नको?"

मग त्यांनी हाताने माती सारखी केली आणि सरकून पुढचं भोक पाडलं. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारच्या ओळीत बसले.